बारा घरची आमटी

पातेलं

आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी घरात पोळ्याच पोळ्या होत्या; खाणारी तोंडं मात्र बॅगा भरत होती.

आक्काताईनं स्वयंपाकघराचं दार लोटलं. कट्ट्यावर हात टेकायला जागा नव्हती. परातीत पोळ्या, ताटात पोळ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या. कुणाची जाड, कुणाची करपट, कुणाची साखरेची, आणि खालच्या आळीतल्या एका घरची इतकी पातळ की आतलं पुरण बाहेरून दिसावं. टोपलीत भजी, रात्रभरात मऊ पडलेली. कुरडया सादळलेल्या. भाताचा डोंगर. आणि गॅसवर, ताट झाकून, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं. ते एरवी बारशाला नाहीतर लग्नालाच माळ्यावरून खाली यायचं.

यातलं काहीही या घरात शिजलं नव्हतं. माणूस गेलं की त्या घरात वर्षभर सणाचं पुरण शिजत नाही, कढई चढत नाही. भावकी आणून देते. आक्काताईची भावजय बनुबाई गेली त्याला पाच महिने झाले होते. दिवाळी सुतकातच गेली, त्यामुळे पुरणाचा पहिला सण हा शिमगाच. काल दिवसभर दारात बायका येत राहिल्या. डबा खाली ठेवायच्या, डोळ्याला पदर लावायच्या, “खावा रं पोरांनो, आईच्या नावानं दोन घास,” म्हणायच्या आणि घरी होळी पेटवायची म्हणून लगबगीनं निघून जायच्या. रडण्यापेक्षा पोळ्या जास्त जमल्या.

त्यांची भांडी धुऊन ओट्याखाली पालथी घातली होती. तीही रीतच. एरवी दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी जाते. पण दुखवट्याच्या घरातनं भांडं रिकामंच जातं. त्यात काही घातलं तर गाव म्हणतं, यांचं दुःख सरलं वाटतं.

आक्काताईनं पातेल्यावरचं ताट उचललं. आत गळ्यापर्यंत कटाची आमटी.

“पूजा,” तिनं हाक मारली, “ही समदी एकत्र कुणी केली गं?”

पूजा, धाकट्या शिवतेजची बायको, मेढ्याकडची. लग्नाला दोन वर्षं झालेली, घरात मात्र अजून पाहुणीसारखी, विचारून विचारून फिरणारी. हातातला टॉवेल तसाच धरून ती दारात आली.

“मीच, आत्या. ऊन वाढलंय. बारा घरच्या बारा आमट्या, कुठली कुठली उकळत बसू? म्हटलं एकदाच ओतावी, एकदाच उकळावी. चुकलं का?”

“आगं, बारा घरची बारा तोंडं. एक तिखट, एक आंबट, एक नुसतं पाणी. एका पातेल्यात घातलीस, आता भांडत बसतील.”

“रात्रभर तरी गप हायत,” पूजा म्हणाली.

आक्काताईला हसू आलं. तिनं डाव बुडवला, तळहातावर दोन थेंब घेतले, जिभेला लावले.

आणि डाव तसाच हातात राहिला.

जीभ

आधी लसूण. तो सगळ्यांचाच.

मग तिखट. ते कुणाचं तरी फार.

गूळ. मीठ. करपलेलं खोबरं.

आणि या सगळ्यांच्या मागं, गर्दीत मागच्या रांगेला उभ्या राहिलेल्या ओळखीच्या माणसासारखं,

वैनी.

वाटणी

या घरात एक वाटणी कागदावर न येता तीस-पस्तीस वर्षं चालली होती. आमटी बनुबाईची, भाकरी आक्काताईची.

आक्काताईला जतला दिली होती. पाणी लांब, माणसं त्याहून लांब. वर्ष भरायच्या आत नवऱ्यानं दुसरी केली आणि ही एका पिशवीनिशी भावाच्या दारात उभी राहिली. जतहून तिनं आणला तो एकच शब्द. तिथं ताटात जास्त पडलं की म्हणायचे, साकु. पुरे. बास. तिकडं तिला फार म्हणावा लागला नाही, पण जिभेवर राहिला.

आप्पासो, तिचा भाऊ, तेव्हा फौजेत सरहद्दीवर. दार उघडलं ते भावजयीनं. बनुबाईनं पिशवी हातातनं घेतली आणि म्हणाली, “वन्सं, भाकरी तुमी थापा. माझी मेली फुगतच न्हाई.” झालं. एवढ्यावर आयुष्य बसलं. एकीनं दुसरीच्या कामात कधी हात घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. बनुबाई गेली तशी तिची आमटीही गेली. पाच महिने आक्काताई स्वतःची भाकरी दुधाशी खात होती, नाहीतर चटणीशी.

घर भरलं की तिला हाका खूप यायच्या. आत्या, चहा. आत्या, चार्जर बघितलास का. आत्या, पोरं कुठायत. ‘वन्सं’ म्हणणारं मात्र घरात कुणी उरलं नव्हतं.

डबा

ती खाली बसली आणि पालथी भांडी एकेक उलटी करून बघू लागली. सगळ्यांवर नावं घातलेली. हे सुताराच्या घरचं. हे शाळेपुढच्या आक्कीचं. हा कडीचा डबा...

कडीच्या डब्यावर टिंबाटिंबांनी लिहिलं होतं: सौ. बनुबाई आप्पासो निकम.

“हा कुठनं आला?”

“तो आपलाच की,” पूजा म्हणाली. “नाव हाय त्याच्यावर. काल दिवेलागणीला एक म्हातारी आली. आत न्हाई आली. पायरीवरनंच दिला. म्हटली, घे बाई, तुमचाच हाय. म्हणून घेतला.”

“उंच होती? हितं गोंदलेलं?” आक्काताईनं हनुवटीवर बोट ठेवलं.

“व्हय. कोण त्या?”

आक्काताईनं बोट खाली घेतलं. डबा मांडीवर घेऊन बसली. नावापुढचं ‘सौ.’ अजून तसंच ठळक. नाव घातलं तेव्हा आप्पासो हयात होता.

ती तानुबाई. भिंतीला भिंत लागून घर, आक्काताईच्या चुलतभावाची बायको. बनुबाई आणि ती एकाच साली या घराण्यात आल्या, एकाच सासूच्या हाताखाली, एकाच चुलीवर शिकल्या. पुढं चुली वेगळ्या झाल्या तरी वाटीची ये-जा थांबली नव्हती. मग उसाच्या ट्रॅक्टरच्या वाटेवरनं पुरुषांचं वाजलं. तुमच्या बांधावरनं आमची वाट, आमच्या बांधावरनं तुमची न्हाई. एकानं काटे टाकले, दुसऱ्यानं अर्ज टाकला. भांडण बाप्यांचं, पण बंद पडल्या त्या बायकांच्या वाट्या. त्याच्या आदल्याच बेंदराच्या सणाला बनुबाईनं या डब्यातनं खीर धाडली होती. डबा तिकडंच अडकला. रिकामा द्यायचा नाही ही रीत, आणि भरून द्यायला बोलणं लागतं. अकरा वर्षं डबा तानुबाईच्या फळीवर बसून राहिला. बनुबाईला नेलं त्या दिवशीही तानुबाई फाटकापर्यंतच आली, तिथूनच हात जोडून परत फिरली.

आणि काल तिनं तो भरून आणला. ज्या घरातनं आता परतफेड येणार नाही, त्या घरी.

आक्काताईनं डबा नाकाशी नेला. धुतलेला डबा. स्टीलचाच वास. आणि तरी. भाजलेल्या आंबोशीचा. बनुबाई कटाला चिंच कधी घालायची नाही. वाळवलेली कैरीची फोड निखाऱ्यावर धरायची, ती घालायची. ही लकब सासूची. सासू म्हणजे आक्काताईची आई. म्हणजे जी चव आईकडनं वैनीच्या हातात गेली, ती त्याच दिवशी भिंतीपलीकडंही गेली होती, आणि हे इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वाट

“तानुकाकीचा?” पृथ्वीराज स्वयंपाकघरात आला तो मोबाईलवर बोटं फिरवतच, आणि डबा बघून मोबाईल खाली आला.

पृथ्वीराज थोरला. साताऱ्यात ट्रॅक्टरच्या शोरूमला. आवाज नेहमी समोरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढा.

“त्यांचा न्हाई, आपला हाय,” आक्काताई म्हणाली. “नाव वाच.”

“वाचलं. आईचा डबा अकरा वर्षं दाबून ठेवला, आन् आता दुखवट्याचं निमित्त करून पाय आत घालाय बघत्यात.”

“पाय कुठं घातला? पायरीवरनंच गेली.”

“कुणी घेतला?”

पूजानं टॉवेलची घडी घातली, उलगडली. “मी, भावजी.”

“तुला कळत न्हाई?”

“आपल्या नावाचा डबा आपल्या दारात आला, तर काय म्हणून परत लावू?”

तोवर संयोगिता, थोरली सून, पोरांची बॅग खांद्याला लावून आली होती. “विचारायचं गं एकदा. या घरात कुणाकडून काय घ्यायचं, कुणाकडून नाही, त्याला इतिहास आहे.”

“मला कुणी सांगितला न्हाई तो, ताई. सांगितला असता तर पाठ केला असता.”

“पुढच्या महिन्यात तारीख हाय,” पृथ्वीराज म्हणाला. “वकील काय म्हणला? येणं-जाणं, देणं-घेणं काय ठेवू नका. उद्या ती उभी राहून सांगणार, साहेब, आमचा डबा त्यांच्यात जातोय, मग ट्रॅक्टर का न्हाई? आत्या, ओतून टाक ती आमटी.”

“कुठली?”

“त्यांची.”

आक्काताईनं पातेल्यावरचं ताट काढलं आणि डाव त्याच्यापुढं धरला. “हे घे. त्यांची तेवढी येगळी काढ. मी ओतते.”

पृथ्वीराजनं पातेल्यात बघितलं. शोरूममध्ये अशी अडचण कधी आली नव्हती.

“मग समदी ओत.”

“साकु,” आक्काताई म्हणाली.

मोठ्यानं नाही. पण तिनं या घरात तो शब्द जेवणाच्या ताटावर सोडून कधी वापरला नव्हता. पृथ्वीराजनं संयोगिताकडं बघितलं, संयोगितानं पूजाकडं, आणि पूजानं गॅस पेटवला.

नळ

ओसरीवर बोलणं चाललं होतं. स्वयंपाकघराची खिडकी तिकडंच उघडते. आक्काताई नळाखाली परात धूत होती. नळ बंद केला की ऐकू यायचं, सोडला की नाही. ती सोडत-बंद करत राहिली.

शिवतेजचा आवाज: “...सुट्टी संपतीय, दादा. मला परवा युनिटला हजर व्हायचंय. पूजा तिकडं सांगलीला, माधवनगरात एकटी राहणार. दिवस ऱ्हायलेत तिला. आत्या आली तर...”

नळ.

संयोगिता: “...आमच्याकडे दोन मुलं आणि दोघांच्या नोकऱ्या. गरज काय एकालाच असते?”

नळ.

पृथ्वीराज: “...सरळ सहा-सहा महिने. आधी सातारा, मग सांगली. भांडायचं कशाला? घराला कुलूप. रान वाट्यानं दिलेलंच हाय. सिलेंडर मी घेऊन जातो.”

पूजा: “आत्यांना विचारलं का?”

आक्काताईला विहिरीवरची मोटार आठवली. सामाईक विहिरीवर अशीच पाळी असते. तुमचे चार दिवस, आमचे चार दिवस. मोटारीला कुणी विचारत नाही.

पृथ्वीराज: “विचारायचं काय त्यात? एकटी काय करणार हितं? कुणासाठी?”

नळ.

भजी

कुणासाठी, हे बरोबर विचारलं होतं पोरानं. सकाळी एकटीसाठी चूल करायची म्हणजे हात उचलत नाहीत, हे तिला पाच महिन्यांत कळलं होतं. एका भाकरीचं पीठ मळताना परात इतकी मोठी वाटायची, की ती ताटातच मळायची.

बाहेर गाव करीला लागलं होतं. शिमग्याची कर म्हणजे मटण. घराघरातनं वाटणाचा, रश्शाचा वास. या घरात तेही नाही. पृथ्वीराजची पोरं नाक वर करून मागत होती आणि त्यांना सांगितलं गेलं होतं, गप बसा, फाट्यावर ढाब्यावर खाऊ. म्हणून तर निघायची घाई.

तिनं पातेल्याखालची आच वाढवली. रात्रीत आमटी आळून आली होती; तिनं तांब्याभर आधणाचं पाणी घातलं. गुळाचा खडा. पूजानं विचारलं, मीठ? आक्काताई म्हणाली, बारा घरांनी घातलंय, आपण कशाला. उकळी आली तेव्हा तिनं भज्यांची टोपली पुढं ओढली.

कालचं भजं म्हणजे उतरलेला माणूस. तेल सुटलेलं, कडा वातड, मधला कांदा झोपलेला. तिनं मूठमूठभर उकळत्या आमटीत सोडली. आधी ती वर तरंगली, मग हळूहळू पिऊन जड झाली, एकेक करून बुडाली, आणि परत वर आली तेव्हा दुप्पट होती. गोल, मऊ, अंगभर लाल तर्री ल्यालेली. भाताचे गोळे तिनं ओल्या हातानं फोडले, वाफेला लावले. पोळ्या तव्यावर मंद आचेवर टाकल्या, न तेल न तूप, दोन्हीकडनं वाळून कडकडीत होईस्तोवर; तसल्या पोळ्या आठ दिवस टिकतात, दुधात मोडून खाल्ल्या की नव्या वाटतात. आणि मग ज्वारीचं पीठ काढलं. मोठ्या परातीत.

भाकरी थापताना तिच्या हाताचा आवाज झाला. ओसरीवरचं बोलणं थांबलं.

“जेवूनच जावा,” तिनं आतून सांगितलं. “भाकरी गरम हाय.”

पंगत

सगळे पंगतीला बसले. बोलायचं ते सगळं तिच्या पाठीमागं बोलून झालं होतं.

पोरांनी भजी चमच्यानं फोडली, आतून वाफ आली, त्यांना गंमत वाटली. ढाब्याचं नाव त्यांनी काढलं नाही. संयोगिता थोडंच घेते म्हणाली, भातावर घेतलं, मग वाटीत घेतलं.

शिवतेजनं भाकरी कुस्करली, आमटी ओतली, पहिला घास घेतला. चावता चावता थांबला. फौजेत गेल्यापासून तो भराभर जेवायचा, कुणी ताट उचलून नेईल असं. आता घास गालात तसाच ठेवून तो आक्काताईकडं बघत राहिला.

“आत्या. ही आईची हाय.”

“आईची कशी आसंल, येड्या.”

“आईची हाय.”

पृथ्वीराजनं मान वर केली नाही. त्याच्या ताटात दुसरी भाकरी पडली, तिसरी पडली. वाटी त्यानं स्वतःच पुढं केली. आक्काताईनं वाढलं. त्याला कळलं होतं की नाही, कुणाची आमटी कुणाची चव घेऊन आली ते? त्याच्या कानामागची शीर तेवढी हलत होती. तीच हलायची लहानपणी, रडायचं नाही असं ठरवल्यावर.

“थोडी तिखट झालीय,” तो म्हणाला आणि नाक पुसलं.

परत

जेवणं आटोपल्यावर आक्काताईनं ओट्याखालची पालथी भांडी एकेक सरळ केली आणि त्यात आमटी भरू लागली. डावाला दोन-दोन भजी येतील असं बघून.

संयोगिता बॅगेची चेन लावता लावता थांबली. “आत्या, काय करताय? वर्ष व्हायचंय अजून. दुखवट्यातनं भांडं भरून नसतं देत. लोक म्हणतील, पाच महिन्यांत यांचं दुःख सरलं.”

“दुःख न्हाई सरलं,” आक्काताई म्हणाली. “आमटी उरलीय.”

“अहो, पण त्यांचीच आमटी त्यांना?”

“कुणाची कुणाला, ते आता त्या पातेल्यालाच ठावं.”

पूजानं पदर खोचला. “आत्या, सुताराचं घर कुठलं? पिंपळापाशी ना? द्या ते, मी देऊन येते. काय हाय म्हणून विचारलं तर काय सांगू?”

“सांग, कर हाय. उरलंसुरलं एकत्र केलंय. आन् भांडं कवा बी द्या म्हणावं, घाई न्हाई.”

शिवतेजनं मोटरसायकलची किल्ली शोधली. हवालदार निकम, मागं बायको, बायकोच्या मांडीवर तीन डबे, असे ते गल्लीनं हळूहळू निघाले. मोटरसायकलला एवढं हळू जाताना गावानं कधी बघितलं नव्हतं. दोन कुत्री चारही खेपांना बरोबरीनं चालत गेली.

पृथ्वीराज ओसरीवर उभा होता. खिडकीतनं आतल्या सिलेंडरकडं बघत.

“आत्या,” तो म्हणाला, आवाज पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशिवायचा, “तुझी पिशवी?”

“भरली न्हाई.”

“मग भर की. चारपर्यंत पोचायचंय.”

“पृथ्वी, आता अकरा घरी आपली आमटी गेली. भांडी बदलून येतील, मोकळी न्हाई यायची. कुणी पेरू घालून देईल, कुणी हरभरा. दारात आल्यावर घराला कुलूप दिसलं तर ती कुणाच्या हातात देतील?”

“आगं, भांड्यांसाठी कोण राहतं का?”

तिनं विचार केला. खरोखरच केला, कारण प्रश्न खरा होता. मग म्हणाली, “बाकी कशासाठी राहतात, तूच सांग.”

मग संयोगिता हळूच म्हणाली, “सिलेंडर राहू दे इथंच,” आणि पोरांना गाडीत बसवायला गेली. ती दुखावली होती की सुटली होती, हे तिच्या पाठीवरनं कळेना. जाताना पृथ्वीराजनं खिडकीची काच खाली केली. “पंधरा दिवसांनी येतो. तवर नीट विचार कर. आन् तो डबा तिकडं देऊ नकोस, तारीख होईस्तोवर.”

शिवतेज आणि पूजा सांगलीच्या बाजूनं गेले, थोरला साताऱ्याच्या. जाताना पूजानं वाकून नमस्कार केला आणि कडक पोळ्यांचं पुडकं छातीशी धरलं. “बाळंतपणाला मीच येईन हिकडं,” ती म्हणाली. शिवतेजनं तिच्याकडं बघितलं. हे त्याला नवीन होतं.

दोन्ही आवाज विरले. मग घर.

ताट

एकटीनं जेवायला बसताना तिला अजून दोन पाट मांडायची सवय होती. एक तिनं परत उचलून भिंतीला लावला.

पातेल्याच्या तळाला राहिली होती तेवढी आमटी. तळाची, दाट, सगळ्यांत चवीची. भाकरी गार झालेली. तिनं कुस्करली, बोटांनी कालवली. पहिल्या घासाला वैनी आली. दुसऱ्या घासाला थोडी. तिसऱ्याला आक्काताई शोधू लागली आणि मग लसूणच लागला, सुताराच्या घरचा. जीभ एकदा ओळख देते. मग तीही बाकीच्यांसारखी आपल्या वाटेनं जाते.

भिंतीपलीकडं भांड्याचा आवाज झाला. कुणीतरी कळशी ठेवली.

इतकी वर्षं हाच आवाज येत होता. याच भिंतीतनं. एकटीला ऐकू येतो तसा तो भरल्या घरात कधी ऐकू आला नव्हता.

ती उठली. ताटातली अर्धी भाकरी तशीच. कडीचा डबा तिनं काढला, पातेलं वाकडं करून तळाचं सगळं त्यात निपटलं, राहिलेली दोन भजी घातली. दारातनं बाहेर पडली, फाटकातनं वळली. नेसूचं नीट केलं नाही; हात खरकटा होता, तो तिनं पदराला पुसला. वाटेत पृथ्वीराजची तारीख आठवली आणि ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, तारीख त्याची हाय, आमटी माझी.

डबा

तानुबाई पायरीवर कांदा सोलत बसली होती. आत मटण शिजत होतं. आक्काताईची सावली अंगावर पडली तशी तिनं वर बघितलं आणि सोलायची थांबली नाही.

“पोरं गेली?”

“गेली.”

“दोगं बी?”

“दोगं बी.”

आक्काताईनं डबा तिच्यापुढं पायरीवर ठेवला. जड आवाज झाला. रिकाम्या डब्याचा असा होत नाही. तानुबाईचे हात थांबले. तिनं झाकण उघडलं नाही. ओला अंगठा नावावरनं फिरवला, एकेका टिंबावरनं, वाचता येत नसलेल्या माणसासारखा.

“दुखवट्यातनं भरून?”

“उरलं होतं. एकटीला जाईना.”

“माझीच मला आणली?”

“तुमची हाय त्यात. कुठली ते कळायचं न्हाई आता. तुमी हुडकून बघा.”

तानुबाई हसली नाही. डबा उचलून मांडीवर घेतला. कांद्यानं असेल, डोळे भरले होते. ते तिनं मनगटानं पुसले. आत कुकरची शिट्टी झाली.

“पोरांनी नेली न्हाई तुमाला?”

“नेत होती. पाळीनं.”

“मग?”

“हे डबे धाडले नव्हं घरोघर. ते परत येईस्तोवर दाराला कुणीतरी लागतंय.”

तानुबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, डबा छातीशी धरून. उंबऱ्यापाशी ती वळली.

“आज न्हाई मिळायचा परत,” ती म्हणाली. “रिकामा कसा देऊ? भरायला काय तरी करावं लागंल. चार दीस लागतील, वन्सं.”

आक्काताईनं मान हलवली.

“लागू द्यात,” ती म्हणाली. “मी हाय.”